डावा चारशे बारा, उजवा चारशे सहा

९ जानेवारी

मामा,

हे पत्र फक्त कामाचं आहे. फोन तू उचलत नाहीस, मेसेज उघडत नाहीस. कागद मात्र जपून ठेवतोस, कारण त्याच्या मागे चित्र काढता येतं. म्हणून मागची बाजू कोरी सोडली आहे.

घाटातली चढाची शर्यत यंदा २७ मार्चला आहे. तुझी हिरवी गाडी मी 'रस्त्यावरच्या गाड्या' या गटात नोंदवली. चालक म्हणून माझं नाव दिलं. गेल्या वर्षी बंदरावरच्या नोकरीला निघताना तू किल्ली शेडमधल्या खिळ्याला अडकवलीस आणि आईला म्हणालास, "मोजपट्टीला सांग, ती आता तिची." यातलं 'मोजपट्टी' म्हणजे नेहमीप्रमाणे मी आणि 'ती' म्हणजे गाडी, असं मी धरून चालले आहे. चूक असेल तर कळव.

क्लबचा नियम बदलला आहे. मागच्या चाकांचा ॲक्सल बॉडीशी धरून ठेवणारे आर्मचे दोन दांडे तू स्वतः बनवलेस. असे हाताने केलेले भाग आता नुसते बघून सोडत नाहीत. एक तर कंपनीचे, प्रमाणपत्र असलेले आर्म लावायचे. नाहीतर बनवलेल्या आर्मची आकृती, वेल्डच्या चाचणीचा अहवाल आणि दोन सह्या द्यायच्या, एक बनवणाऱ्याची आणि एक तपासणाऱ्याची.

मला आकृती आणि तुझी सही हवी आहे. आकृती तू कधी काढलीच नसणार. आठवेल तशी काढ. मापं मिलिमीटरमध्ये लिही. 'बोटभर' आणि 'जरासं जास्त' चालणार नाही.

बाकी ठीक. आई ठीक आहे. शेडचं छप्पर एका कोपऱ्यात गळतं, तिथे बादली ठेवली आहे. गेल्या वर्षीच्या तपासणीबद्दल मला काही लिहायचं नाही.

तुझी भाची


२ फेब्रुवारी

मामा,

पाकीट मिळालं. आत दोरी निघाली.

मी आकृती मागितली होती.

पाकिटात चिठ्ठी चिकटून राहिली असेल म्हणून मी ते कडेने फाडून सपाट केलं. चिठ्ठी नव्हती. आई शिवणयंत्रावरून मान वर न करता म्हणाली, "दोरी पाठवली ना? म्हणजे बोलला तो."

"काय बोलला?"

"ते मला काय विचारतेस? मी काय गाडी आहे?"

दोरीच्या एका टोकाला फास आहे आणि दुसऱ्या टोकाजवळ एक गाठ. मी ती कामावर नेली. आमच्या मापन विभागात ग्रॅनाइटचा सपाट ओटा आहे, त्यावर ताणून पाहिली. दोन किलोचा ताण दिला की ती तीन मिलिमीटर वाढते. अशा दोरीने काहीही मोजता येत नाही. तुला माहीत असावं म्हणून कळवते.

दिवस थोडे उरले आहेत. मी विकतचे आर्म मागवले. हा निर्णय तांत्रिक आहे, त्यात दुसरं काही शोधू नकोस.

भाची


१८ फेब्रुवारी

मामा,

विकतचे आर्म आले. खोकं, खोक्यात फोम, फोमात आर्म, प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक. आई खोक्याकडे बघतच राहिली. "बघ, याला म्हणतात ऐट. तुझ्या मामाने जन्मात स्वतःच्या कामाला साधा कागद गुंडाळला नाही." खोकं तिने ठेवून घेतलं. त्यात आता बटणं आहेत.

दोन्ही आर्म ओट्यावर मोजले. डावा चारशे सहा, उजवा चारशे सहा. फरक एका केसाचाही नाही. शनिवारी तुझे काढले आणि हे लावले. बोल्ट एवढे सरळ गेले की मला जरा राग आला. तुझे काढायला दोन तास लागले होते. डावीकडचा बोल्ट निघेना तेव्हा मी त्याला जे काही म्हणाले ते आईने ऐकलं आणि विचारलं, "हे कॉलेजात शिकलीस का मामाकडून?" मी म्हटलं, "मामाकडून." ती खूश झाली.

तुझे आर्म मी पुन्हा मोजले. हे तुला सांगायलाच हवं, असं नाही. पण गेल्या वर्षी मी जे म्हणाले ते निदान बरोबर होतं की नाही, एवढं मला पाहायचं होतं. डावा चारशे बारा, उजवा चारशे सहा. तपासणीसाने फीत लावून "हा फरक कसा?" असं विचारलं तेव्हा तू गप्प राहिलास, म्हणून मी उत्तर दिलं. हाताचं काम आहे, फरक राहतोच. आमच्याकडे असा माल भंगारात जातो. सगळे हसले. मी कुणाला हसवायला बोलले नव्हते. आकडा बरोबर होता.

तू गाडी रांगेतून काढलीस. परत येताना वाटेत एकही शब्द बोलला नाहीस, आणि महिन्याभरात सहाशे वीस किलोमीटर लांब जाऊन जहाजं दुरुस्त करू लागलास. सहा मिलिमीटरसाठी हे अंतर मला जास्त वाटतं.

तुझे दोन्ही आर्म मी आईच्या कापायच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले होते. तिने ते उचलून पाहिले आणि म्हणाली, "एक लांब आहे."

"तेच तर."

"अगं, मग गिऱ्हाईकाचा खांदा उतरता असेल. मी नाही का एक बाही अर्धा इंच लांब ठेवत? बाई आरशात बघून म्हणते, काय बसलाय ब्लाउज! तिला कधी कळतही नाही."

मी म्हटलं, गाडीला खांदे नसतात. आणि टेबल पुसून दिलं, कारण ग्रीस लागलं होतं.

भाची


२३ फेब्रुवारी

मामा,

गाडी तिरकी चालते.

सरळ रस्त्यावर स्टिअरिंग जरासं उजवीकडे धरावं लागतं. सोडलं तर गाडी डावीकडे जाते. समोरच्या घरातले निवृत्त बसचालक आजोबा फाटकात उभे होते. ते म्हणाले, "पोरी, तुझी गाडी खेकड्यासारखी चालते आहे, की माझा चष्मा बदलायला झाला?" मी म्हटलं, चष्मा. मला वेळ हवा होता.

टायरची हवा पाहिली. पुढची चाकं पाहिली. नवे आर्म काढले, ओट्यावर नेले, पुन्हा चारशे सहा आणि चारशे सहा. ओट्याचा दगड पाहिला. शेवटी मला वाटलं, आता मी एवढी वाया गेलेच आहे, तर दोरी तरी का सोडा?

गाडीखाली पुढच्या आडव्या पट्टीच्या बरोबर मधे एक बोल्ट आहे. फास त्यावर अडकला. जणू त्याच्यासाठीच केला होता. दोरी ताणून मागे उजवीकडे नेली. आर्म बॉडीला जिथे बसतो त्या बोल्टच्या डोक्यावर गाठ आली. मग तीच दोरी, तोच ताण, डावीकडे. गाठ बोल्टला ओलांडून मागे गेली. किती, ते मी पट्टीने मोजलं. तुला आकडा माहीत आहे.

दोरी ताणली की वाढते, हे खरं. पण ती दोन्हीकडे सारखीच वाढते. मला फक्त दोन बाजू एकमेकींशी ताडून पाहायच्या होत्या, त्यासाठी आकडा लागतच नाही. हे मला दुसऱ्या वर्षाला शिकवलं होतं आणि मी त्यात पहिली आले होते.

म्हणजे डावीकडची बसायची जागाच सहा मिलिमीटर पुढे दबलेली आहे. आर्म तेवढाच लांब असला तर चाक मागे आपल्या जागी येतं आणि गाडी सरळ जाते. जागेवर आतून एक पट्टी वेल्ड केलेली आहे आणि वर काळा रंग. मी ती गंजाची डागडुजी समजत होते.

मी आर्म मोजले. गाडी मोजली नाही.

आज एवढंच.


२४ फेब्रुवारी

मामा,

कालच्या पत्रात एक गोष्ट राहिली. राहिली नाही, मी ठेवली.

ती जागा कशाने दबली, ते मला माहीत आहे. तारीख आठवत नाही असं लिहिणार होते. आठवते. आठ वर्षांपूर्वी, १४ जून, दुपारी सव्वाचार. तू कुणाचं तरी इंजिन बघायला गेला होतास. मी किल्ली घेतली. गल्लीच्या तोंडापर्यंत नीट गेले, आणि मागे घेताना मागचा डावा कोपरा सिमेंटच्या पिवळ्या खांबावर घातला. वेग ताशी पंधरा असेल. मी वीस धरते.

गाडी परत आणून लावली. तू आल्यावर सांगितलं की बाहेर उभी होती, कुणीतरी ठोकून गेलं. तू खाली वाकून पाहिलंस आणि म्हणालास, "ट्रक असेल." मी म्हणाले, "ट्रकच असणार." तू डोकं हलवलंस. पुढे महिनाभर शेडचं दार आतून बंद असायचं. मला वाटलं, तू बंपर नीट करतो आहेस.

गेल्या वर्षी चाळीस माणसांसमोर मी ज्या फरकाबद्दल बोलले, तो फरक मी केलेला आहे. कारण मी, दोष तुझ्या नावावर. आमच्या विभागात अशा अहवालावर लाल शिक्का मारतात.

तुला हे माहीत होतं का? आणि होतं, तर तपासणीच्या वेळी बोलला का नाहीस?

विकतचे आर्म परत खोक्यात घालायचे तर आईला बटणं काढावी लागतील. ती नाही म्हणते. आर्म सध्या टेबलाखाली आहेत.

भाची


९ मार्च

मामा,

तुझं कार्ड आलं. आठ ओळी! आईने दोनदा मोजल्या. मी इथे पुन्हा उतरवते, म्हणजे तू नंतर "मी असं म्हणालोच नव्हतो" म्हणणार नाहीस.

"मोजपट्टी, ट्रक इतका बुटका नसतो. बंपरखाली पिवळा रंग होता. बॉडी ओढून सरळ करायला बाहेरच्या गॅरेजात न्यावी लागली असती. नेली असती तर ताईला कळलं असतं आणि तुझं गाडी शिकणं बंद. आर्म लांब करणं सोपं. तपासणीत बोललो नाही, कारण तू शेजारी उभी होतीस. भंगार म्हणालीस ते लागलं. वर्षभर लागलं. आता जरा कमी आहे. बनवणाऱ्याची सही मागू नकोस. माझे आर्म थकलेत, डाव्याचा वेल्ड घाईत केलेला आहे. तू बनव. मी तपासतो."

आईला कळलं असतं, या वाक्यावर आईने सुई खाली ठेवली. "कळलं असतं? मला त्याच दिवशी कळलं! गाडीला पिवळा रंग, खांबाला हिरवा. खांबाला ठोकून आमच्या शेडबाहेरची गाडी चेपवणारा ट्रक मी तरी बघितला नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"माझा भाऊ एवढा जिवावर उदार होऊन लपवतोय, त्याचा विरस कशाला करू?"

मामा, म्हणजे आठ वर्षं या घरात तिघांनी एकच गोष्ट एकमेकांपासून लपवली. समोरच्या आजोबांना विचारलं तर तेही म्हणाले, "खांबाची गोष्ट ना? हो, तेव्हा मी फाटकातच होतो."

आता काम. नळी आणली, जाड भिंतीची, जोड नसलेली. टोकांना बसणारे रबरी बुश आणि बोल्ट विकत घेतले. ते कारखान्यात आपल्यापेक्षा चांगले होतात, यावर तुझंही दुमत नसावं. बाकी सगळं शेडमध्ये. लांबी जुळवायला मी एक साचा केला आहे. लोखंडी पट्टी, तिच्यावर दोन खुंट, एक खुंट सहा मिलिमीटर सरकतो.

वेल्डबद्दल: पहिला नमुना आईला दाखवला. ती म्हणाली, "टाके मोठे पडलेत." दुसरा नमुना मीच फेकला. तिसरा कापून पाहिला, आतपर्यंत धरला होता. चौथा वेगळ्या पार्सलने पाठवला आहे. पार्सलवाल्याने तीनदा विचारलं की यात नक्की काय आहे. मी म्हटलं, नमुना. तो म्हणाला, "कशाचा?" मी म्हटलं, माझा. त्याने पावती फाडून दिली.

तपास आणि लगेच पाठव.

मोजपट्टी


१९ मार्च

मामा,

नमुना परत मिळाला. खडूने केलेलं वर्तुळ पाहिलं आणि आत लिहिलेलंही. "इथे घाई." तुझं बरोबर आहे. त्या जागी आईने हाक मारली होती आणि मी उत्तर द्यायला हात उचलला. आता मी वेल्ड करताना आई शेडच्या दारावर तिची 'दुकान बंद' पाटी लावते आणि बाहेर खुर्ची टाकून बसते. काल तिने क्लबच्या एका माणसालाही आत सोडलं नाही. तो अर्ज घेऊन आला होता.

दोन्ही आर्म झाले. डावा चारशे बारा, उजवा चारशे सहा. चाचणीसाठी एकेक कापायचा म्हणून मी प्रत्येक बाजूचे दोन केले होते. कापलेले दोन्ही उत्तम निघाले. अहवाल सोबत. आकृतीही सोबत, दोन प्रती. 'तपासणारा' इथे सही कर. 'बनवणारी' इथे मी केली आहे. जरा तिरकी आली. हात ग्रीसचा होता.

अर्जात एक रकाना आहे, दोन बाजूंच्या मापात फरक असल्यास कारण. मी लिहिलं: "मागच्या डाव्या कोपऱ्याला जुना आघात, बसण्याची जागा सहा मिमी पुढे. दुरुस्ती मजबूत, तडा नाही. आघाताच्या वेळी चालक: अर्जदार."

शेवटचे चार शब्द मी एकदा खोडले आणि पुन्हा लिहिले. अर्ज खाडाखोडीसकट देणार आहे.

मोजपट्टी


२७ मार्च

मामा,

सकाळची तपासणी गेल्या वर्षीच्याच तपासणीसाने केली. तीच फीत, तोच चष्मा. त्याने डावीकडे लावली, उजवीकडे लावली, आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मागे रांगेत गेल्या वर्षीचे बरेचजण होते.

"बाई, फरक आहे."

"हो. सहा मिलिमीटर. असायला हवा."

"गेल्या वर्षी तुम्हीच म्हणाला होतात की..."

"म्हणाले होते. चुकीचं होतं. आर्म मोजून बोलले, गाडी न मोजता. गाडी मी खांबावर घातली होती आणि माझ्या मामाने ती आर्मच्या लांबीत सावरली. इतकी नीट की आठ वर्षं कुणाला कळलं नाही, मलाही नाही."

मी हे जरा मोठ्याने बोलले. मागे ऐकू जावं असा आवाज लावला होता. कुणीतरी हसलं. मीही हसले, कारण या वेळी हसण्यासारखं होतं.

तपासणीस गाडीखाली गेला. बराच वेळ फक्त त्याचे बूट दिसत होते. बाहेर येऊन त्याने आकृती वाचली, तुझी सही पाहिली आणि म्हणाला, "ते तपासणारे झाले आणि तुम्ही बनवणाऱ्या?" मी म्हटलं, हो. तो म्हणाला, "बरं दिसतंय." मग अर्जावर शिक्का मारला. हिरवा.

चढाची वेळ: तीन मिनिटं सव्वीस सेकंद. अकरा गाड्यांत पाचवी. चौथ्या वळणावर मी फार लवकर ब्रेक लावला, नाहीतर चौथी आले असते. मागचं टोक कुठेही हललं नाही. शेवटच्या सरळ रस्त्यावर मी क्षणभर दोन्ही हात सोडले. तू हे वाचून ओरडशील. सोडले तरी ती सरळ गेली.

आई खाली प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरखंडापाशी उभी होती. तिला वेळ कळली नाही, क्रमांक कळला नाही. शेजारच्या माणसाला सांगत होती, "ती हिरवी आमची. मागचं सगळं घरी शिवलंय."

हे पत्र मी टाकणार नाही. स्वतः घेऊन येते.

मोजपट्टी


३ एप्रिल, सकाळ

मामा,

हा कागद दाराखालून सरकवते आहे. शेजारच्या बाई म्हणाल्या, आज तुझी सुट्टी, आत आहेस, बेल वाजवा. मी बेल वाजवली नाही. सहाशे वीस किलोमीटर जे पाठ करत आले, ते तिसऱ्या मजल्यावर आल्यावर तोंडातून निघेना. म्हणून लिहिते.

तुला सगळ्यांसमोर भंगार म्हणाले. आठ वर्षं तुझ्याशी खोटं बोलले. तू दोन्ही वेळा मला सांभाळलंस आणि मग थकून निघून गेलास. मला माफ कर. मला तू घरी हवा आहेस. नोकरी सोड असं म्हणत नाही, ते तू ठरव. पण फोन उचल. सुट्टीला ये. आई दर रविवारी तुझं ताट मांडते आणि मग "चुकून मांडलं" म्हणते.

मी खाली उभी आहे. चालकाची जागा मोकळी सोडली आहे. चालवून बघ, समुद्राच्या बाजूचा रस्ता सरळ दिसतो. मी शेजारी बसते आणि चौथ्या वळणाबद्दल तू जे काही म्हणशील ते ऐकून घेते.

पण आधी काहीतरी खायला दे. काल रात्री निघाल्यापासून मी काही खाल्लं नाही आणि आईने दिलेल्या पिशवीवर तिने तुझं नाव लिहिलं आहे, मला हात लावता येत नाही.